गिनती बारा, माणसं अकरा

माझी शेवटची पोस्टिंग चिकलठाण्याची. हुकूम वरून आला नव्हता, माझा मीच काढला. निमलष्करी दलाच्या महिला बटालियनमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. पहाटे उठायची सवय काही जाईना. उठून करायचं काय? चहाचं आधण दोन कपांचं ठेवायचं, एक प्यायचा, एक ओतून द्यायचा. महिनाभरात कळलं, रायफल नुसती ठेवली की गंजते तशी मी पण गंजणार. म्हणून चिकलठाण्याच्या कारखान्यांकडल्या एका ट्रेनिंग सेंटरच्या दारात जाऊन उभी राहिले.

सेंटर म्हणजे पॅकिंगचं एक जुनं शेड. तिथं कारखान्यांसाठी बाया तयार करतात. गेटवरची सिक्युरिटी कशी करायची, आग लागली तर माणसं बाहेर कशी काढायची, ते शिकवतात. तिथले मॅनेजर पवार साहेब, माझ्या लेकाच्या वयाचे. त्यांनी विचारलं, "मॅडम, शिक्षण?"

"सातवी पास होऊन भरती झाले. बाकीचं वर्दीत शिकले."

बाकीचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. आमच्यात प्रत्येकीला एक बडी लावून देत. बडी म्हणजे जोडीदार. पहारा जोडीनं, जेवण जोडीनं, एकीला ताप आला तर दुसरीनं उशाशी बसायचं. माझी बडी शेवंता, नांदेडकडची. मला हवालदार व्हायचं होतं आणि त्यासाठी नकाशा वाचायची परीक्षा होती. नकाशावरच्या तपकिरी रेघा मला नुसत्या केसांच्या गुंत्यासारख्या दिसायच्या. एका दुपारी मेसमधी शेवंतानं ताटात भाताचा ढीग केला आणि चमच्यानं त्याच्या भोवतीनं रेघा ओढल्या.

"हे बघ, हा डोंगर. रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा. तिथं तुझा दम निघणार. आता खा डोंगर."

मी डोंगर खाल्ला आणि परीक्षा पास झाले.

फॉल-इनमधी, म्हणजे रांगेत उभं राहून गिनती व्हायची तेव्हा, माझा नंबर सात, तिचा आठ. तिचा 'आठ' असा निघायचा की लिंबावरची पाखरं उडायची. ड्रिल शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "शेवंता, दुश्मन को भी सुनाई देगा."

पोस्टिंग जंगलातली होती. एका सकाळी ताफा येण्याआधी रस्ता तपासायला आमची पार्टी निघाली. पुलाजवळ स्फोट झाला. मला कानात नुसती शिट्टी ऐकू येत होती. मग वायरलेस ऐकू आला.

"नफरी बोलो. ओव्हर."

नफरी म्हणजे किती माणसं आहेत ते. आमच्या कमांडरनं उत्तर दिलं, "एक कम. ओव्हर."

त्या एकीचं नाव त्यानं नंतर सांगितलं. मला आधीच कळलं होतं, माझ्या उजव्या हाताला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फॉल-इन झालं. ड्रिलचा एक कायदा आहे. माणूस कमी पडला तर त्याची जागा तशीच ठेवत नाहीत. बाकीचे सरकतात आणि रिकामी जागा रांगेच्या टोकाकडं, ठरलेल्या ठिकाणी जाते. रांग देखणी दिसावी म्हणून. माझ्या शेजारी दुसरी मुलगी येऊन उभी राहिली. चांगली मुलगी होती बिचारी. तिनं 'आठ' म्हटलं. मी समोर बघत राहिले. सावधानमधी डोळे फिरवता येत नाहीत, ते एक बरं असतं.

आता चिकलठाण्याचं सांगते.

माझ्या बॅचमधी बारा बाया. कुणी धुणीभांडी सोडून आलेली, कुणी नवऱ्यामागं एकटी. चार चारच्या तीन रांगा. मधल्या रांगेत सहा नंबरला मीना, सातला संगीता, आठला फरीदा. मीना शहरातलीच. रोज सकाळी "जय भीम, मॅडम" म्हणत सगळ्यांच्या आधी हजर. संगीता गंगापूरहून वडाप जीपनं यायची. जीप भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून हिला रोज उशीर. त्यात ती घरून साडीत यायची आणि मागच्या खोलीत पँट-शर्ट घालायची. सासूला सांगितलं होतं, पॅकिंगचं काम आहे.

सकाळची हजेरी बाकावर बसूनच व्हायची. मी फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत असायचे आणि मागं गिनती चालायची. संगीता नसली की मीना सहा म्हणून झाल्यावर आवाज बारीक करून सात पण म्हणायची.

"मीना, सात कोण बोललं?"

"संगीता, मॅडम."

"मग तिचं तोंड तुझ्याकडं कसं आलं गं?"

सगळ्या हसायच्या. फरीदा म्हणायची, "मॅडम, ये तो डबल ड्यूटी करती!"

मी सांगायचे, दुसऱ्याचा नंबर म्हणायचा नाय. तो माणूस तिथं आहे एवढंच त्या नंबरात असतं. त्या हो म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मैत्रिणीची हजेरी लावली नाय तर ती मैत्रीण कसली, असा आपल्याकडचा हिशेब.

त्या दिवशी पण असंच झालं. हसणं झालं, तेवढ्यात संगीता धापा टाकत आली. "मॅडम, जीप बंद पडली होती."

"जा, कपडे बदलून ये."

ती मागं गेली. मी बादलीत कापड भिजवून दाखवत होते, धुरात नाकातोंडावर कसं धरायचं. भिंतीपलीकडं पुठ्ठ्याचा साठा होता. तिथं वायर जळाली असावी. पहिल्यांदा वास आला, मग छताखालून धूर आत शिरला.

"खाली वाका! पुढचीच्या खांद्यावर हात. चला."

शिकवलं तसं निघाल्या. कुणी ओरडलं नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. गेटासमोरच्या मैदानात फॉल-इन केलं.

"गिनती कर!"

खोकत खोकत आकडे आले. पाच. सहा. सात. आठ. शेवटी बारा. पवार साहेब फोनवर फायर ब्रिगेडशी बोलत होते. त्यांनी माझ्याकडं बघून अंगठा वर केला आणि फोनमधी म्हणाले, "हो हो, सगळे बाहेर आहेत."

मी पण श्वास सोडला. मग रांगेकडं बघितलं. मधल्या रांगेत, मीना आणि फरीदाच्या मधी, एका माणसाची जागा मोकळी होती. दोघींनी धुरानं डोळे मिटलेले.

"सात कोण बोललं?"

यावेळी कुणी हसलं नाही. मीनानं डोळे उघडले, शेजारी बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "मॅडम, माझ्या तोंडातून आपोआप... मॅडम, संगी आत आहे."

पवार साहेब म्हणाले, "अहो, गिनती बारा झाली ना?"

"गिनती झाली. माणूस नाय. फोनवर सांगा, एक आत आहे, मागच्या खोलीत."

"गाडी येईल आता. तुम्ही नका जाऊ."

"एकटी जात नाय. मीना, तू माझी बडी. ओलं कापड बांध."

मागच्या बाजूला छोटं दार होतं. आग अजून पुठ्ठ्यातच होती, पण बोळात धूर गच्च. आम्ही दोघी हातापायांवर, मीनाची मूठ माझ्या पट्ट्यात. उजवा हात भिंतीवरून काढायचा नाही. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"संगे!" मीना ओरडली.

"गप. ऐक."

ठक ठक ठक. थांबून परत ठक ठक ठक. शिकवलेलं होतं, अडकलात तर ओरडून श्वास घालवू नका, जमिनीला टेकून भिंत वाजवा. आवाजाच्या मागं गेलो. दाराची बाहेरची कडी सैल होती, दार आपटल्यावर धक्क्यानं खाली पडून अडकली होती. मी ती काढली. संगीता फरशीवर पालथी, तोंडावर साडीचा बोळा, पँट अर्धवट चढवलेली.

बाहेर आल्यावर ती पहिलं काय बोलली असंल? "मॅडम, माझी साडी आत राहिली. घरी काय सांगू?"

मीनानं तिला मिठी मारली आणि पाठीत गुद्दा पण घातला. "मर तिकडं! परत तुझा नंबर म्हणणार नाय मी."

दवाखान्यात सासू आली. सुनेच्या अंगावर पँट बघितली, माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही जीव वाचवला, उपकार आहेत. पण पुरे झालं हे शिक्षण."

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला.

वर्ग दुसऱ्या शेडमधी सुरू झाला. आता हजेरी पण उभ्यानं, रांगेत. अकरा बाया. पवार साहेब म्हणाले, "मॅडम, रांग जुळवून घ्या, मधी भोक दिसतंय. उद्या कंपनीचे लोक बघायला येणार."

"दिसू द्या."

ड्रिलचा कायदा मला पाठ आहे. तो मी मोडला. सातची जागा तिथंच ठेवली. गिनती व्हायची, पाच, सहा, मग थोडी शांतता, मग आठ. मीना ओठ घट्ट दाबून धरायची. कंपनीच्या लोकांसमोर पण तसंच. त्यांनी विचारलं, "इथं कोण?" मी म्हटलं, "गंगापूरची. जीप यायचीय."

पुढं एका सकाळी गिनती चालू होती. सहा झालं. शांतता. आणि गेटाकडून, पळता पळता, "सात!"

संगीता घरूनच वर्दी घालून आली होती.

"जीपमधी लोक बघत होते का गं?" मीनानं विचारलं.

"बघू दे की. सासूनंच इस्त्री केली."

ती आपल्या जागेवर उभी राहिली. बारा झाल्या. मी सावधान म्हटलं आणि फळ्याकडं वळले, जरा वेळ खडूच शोधत राहिले.

बॅच अजून चालू आहे. संध्याकाळी मी घरी येते, आधण अजून दोन कपांचंच ठेवते. सकाळी गिनती घेते. फरीदाचा आवाज जात्याच बारीक. आठवर आले की मी तिला थांबवते.

"आठ, जोरात!"

"आठ!"

"अजून जोरात."

काल ती वैतागली. "मॅडम, बाकीच्या बी हळूच बोलतात. मेरेच पीछे काय को पडते रोज?"

मी म्हटलं, "परत घे. आठ."

तिनं छाती भरून घेतली आणि असं ओरडली की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.