हवेतली उदबत्ती

उदबत्तीचा वास आला की जुन्या हुबळीतलं आमचं वर्कशॉप आठवतं. धाकटा भाऊ कारवारला पाणबुड्याचं काम करायचा. पाण्याखाली श्वास घ्यायचा त्याचा हवेचा सिलिंडर भरायचा जुना कॉम्प्रेसर पेट्रोल इंजिनावर चालायचा. इंजिनाचा धूर सिलिंडरात भरल्या जाणाऱ्या हवेत मिसळला आणि एकदा त्याला पाण्याखालीच भोवळ आली. म्हणून आमच्या वडिलांनी, अप्पांनी, वर्कशॉपात इंजिन काढून विजेची मोटर बसवली, हळदकुंकू वाहिलं, मशीनच्या फटीत उदबत्ती खोचली आणि बटण दाबलं. सिलिंडर भरल्यावर भावाने हवा हुंगली. "अप्पा, ह्याला उदबत्तीचा वास येतोय." उदबत्ती हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीच जळत होती. अप्पांचं तोंड उतरलं. त्यांनी सगळा सिलिंडर रिकामा केला. अजूनही देवापुढे उदबत्ती लावली की मी भावाला फोन करते. तो "काय गं अक्का" म्हणेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.