भावोजींचा महिषासुर

ब्रह्मदेवानं सृष्टी घडवली तेव्हा तपासणीच्या टेबलावर आमचे भावोजी बसलेले असते, तर आपल्यापैकी कोणीही अजून जन्माला आलेलं नसतं. हत्तीचं नाक प्रमाणाबाहेर लांब म्हणून परत, उंटाची पाठ सरळ नाही म्हणून परत, आणि माणूस तर मुळापासूनच चुकलाय, साचाच मोडून टाका, असा शेरा मारून ते घरी जेवायला आले असते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमानांचे सुटे भाग करणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांनी इन्स्पेक्टर म्हणून उभी हयात घालवली. समोर आलेली वस्तू भिंगातून बघायची आणि नापास करायची, हे त्यांचं काम. पुढे ते निवृत्त झाले, भिंग झालं नाही. दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, डोसा खाताना ते आधी तो उजेडाकडे धरून पाहतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीचे लोक मुलाच्या नोकरीची चौकशी करत होते आणि भावोजी त्याला भिंतीला पाठ टेकून उभं राहायला सांगत होते. मग माझ्या वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण डावा खांदा स्वल्प उतरलाय." थोडं म्हणायचं असलं की स्वल्प म्हणायचं, हे त्यांना बंगळुरानं शिकवलं. माझा नवरा अजूनही फोटो काढताना डावा खांदा उचलून धरतो. ताईच्या पोळीला तर त्यांनी आजवर छान म्हटलेलं नाही. "कालच्यापेक्षा कमी वाकडी आहे," ही त्यांची कौतुकाची परमावधी. ताई शांतपणे सांगते, "अहो, ती पोळी आहे. तिला उडायचं नाहीये."

निवृत्तीनंतर त्यांनी इमारतीची लिफ्ट, पाण्याची टाकी आणि रखवालदाराची शिट्टी ओळीनं नापास केली, तेव्हा त्यांच्या मुलानं हात टेकले. हा मुलगा महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं वाढदिवसाला वडिलांना एक खोकं आणून दिलं. आत अंगठ्याएवढी एक मूर्ती, रंगांच्या चिमुकल्या बाटल्या आणि एक ब्रश. त्याच्या ऑफिसातली मोठमोठी माणसं असल्या बाहुल्या हातानं रंगवतात आणि त्यात म्हणे मन रमतं. मूर्ती कोणा परदेशी राक्षसाची होती. धड माणसाचं, डोकं रेड्याचं, दोन शिंगं, हातात कुऱ्हाड. भावोजींनी खोकं उघडलं, राक्षस भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "काखेत साच्याची रेघ राहिली आहे." त्यांचे डोळे चमकत होते. एवढ्याशा वस्तूत इतक्या चुका सापडू शकतात, हे सुख त्यांना कारखान्यातही मिळालं नव्हतं.

मुलानं त्यांचं नाव इंदिरानगरातल्या एका कॅफेत नवशिक्यांच्या रविवारच्या वर्गात घातलं. ताईनं मला सोबत धाडलं. मी सर्जापूर रोडला राहते, म्हणजे नकाशात त्यांच्याजवळ आणि प्रत्यक्षात परगावी, तरी गेले. वर्गात सगळी पंचविशीतली मंडळी, आणि मध्ये आमचे भावोजी, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. शिकवणारा दाढीवाला तरुण मोठ्या आदरानं म्हणाला, "अंकल, रंग जाड लावायचा नाही. पाण्यानं पातळ करायचा, दुधासारखा."

"कुठल्या दुधासारखा?" भावोजींनी विचारलं. "निळ्या पिशवीतल्या की हिरव्या?"

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या घरी बहुधा बदामाचं दूध येत असावं.

"आणि थराची जाडी किती?" भावोजी म्हणाले. "मोजणार कशानं?" त्यानंतर वर्ग संपेपर्यंत बाकीच्यांनी आपापले राक्षस रंगवले आणि भावोजींनी बाकीच्यांचे राक्षस तपासले. एका मुलीला ते म्हणाले, "तुझ्या राक्षसाचा पट्टा स्वल्प तिरका आहे." ती म्हणाली, "अंकल, तो धावतोय." यावर मात्र भावोजी विचारात पडले.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कारखान्यात गेला. मूर्तीला बोट लागू नये म्हणून तिला धरायला काहीतरी हवं, तर ती हिंगाच्या रिकाम्या डबीवर चिकटवली. रंग वाळू नये म्हणून ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर अंथरावा लागतो, त्यासाठी ताईचा पोळ्यांचा डबा गेला. ब्रश धुवायला स्टीलचा टंबलर घेतला, आणि ताई कॉफी ज्यात देते तो टंबलर त्याचा सख्खा भाऊ. पहिल्याच आठवड्यात भावोजींनी ब्रश कॉफीत बुडवला आणि राखाडी पाण्याचा घोट घेतला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मान वर न करता म्हणाले, "आज डिकॉक्शन स्वल्प कमी पडलंय." ताईनं मुकाट्यानं तो टंबलर उचलला आणि त्यावर नेलपॉलिशनं फुली मारली. ती फुली सरळ नसल्याचं तिला लगेच कळवण्यात आलं.

रंगवण्याआधी मूर्तीवर फवाऱ्यानं अस्तराचा राखाडी रंग मारायचा असतो, म्हणजे वरचा रंग धरतो. हे काम मोकळ्या हवेत करा असं फवाऱ्याच्या डब्यावर लिहिलेलं, म्हणून भावोजी गच्चीवर गेले. वारा कुठून येतोय हे त्यांनी बोट ओलं करून तपासलं. मात्र वारा कुठे जातोय हे तपासलं नाही. तो जात होता शेजारच्या अक्कांच्या पांढऱ्या पंच्याकडे, ज्यावर त्यांचे संडिगे, म्हणजे आपले सांडगे, वाळत होते. अक्का म्हैसूरकडच्या, चाळीस वर्षांपासून ताईच्या शेजारीण, मराठी ताईकडूनच उचललेलं. त्या गच्चीवर आल्या तेव्हा भावोजी उकिडवे बसून राखाडी सांडगे भिंगातून बघत होते. माफी मागायची सोडून म्हणाले, "रंग एकसारखा बसलाय हो. फक्त या कोपऱ्यातले चार नापास."

अक्का म्हणाल्या, "परवागिल्ला अण्णा, चालतंय. ते हातात कोण आहे? महिषासुर का?"

भावोजींनी मूर्तीकडे नव्यानं पाहिलं. रेड्याचं डोकं, शिंगं. नाही म्हणायला जागा नव्हती.

"मग तो मला द्या," अक्का म्हणाल्या. "माझ्या चामुंडीला राक्षस नाही."

ही गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. अक्कांच्या घरी दर नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसतात, इकडे त्यांना गोंबे म्हणतात. मधोमध वीतभर उंचीची चामुंडी देवी, त्रिशूळ खाली रोखलेला, आणि खाली कोणीच नाही. मातीचा राक्षस होता, पण अक्कांची मुलगी लहान असताना तिनं त्याला न्हाऊ घालायला नेलं आणि तो बादलीत विरघळला. तेव्हापासून देवीच्या पायाशी एका वर्षी प्लास्टिकची म्हैस होती, एका वर्षी खेळण्यातला वाहतूक पोलीस. आता ती मुलगी कॅनडात आहे, आणि दसऱ्यानंतर अक्का कायमच्या तिच्याकडे जाणार होत्या. घर विकायचं ठरलं होतं. "हे शेवटचे गोंबे, अण्णा," त्या म्हणाल्या. "एकदा तरी देवी राक्षसासकट बसू दे."

"स्केल जुळत नाही अक्का. देवी वीतभर, हा अंगठ्याएवढा."

"सरी, बरंच झालं की. देवीला सोपं जाईल."

भावोजींनी शब्द दिला. ज्या माणसानं आयुष्यात काही पास केलं नाही, तो नवरात्रापर्यंत राक्षस हातावेगळा करणार कसा? अंग, कुऱ्हाड, शिंगं, सगळं झकास जमलं. घोडं अडलं डोळ्यांपाशी. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका, सांगायला एवढंच. पण पहिल्या वेळी दोन्ही बुबुळं नाकाकडे गेली. पुढच्या वेळी राक्षस इतका घाबरलेला दिसला की देवीलाच अपराधी वाटलं असतं. नंतर एकदा त्याच्या चेहऱ्यावर असा काही शांत भाव आला, जणू तोही सरकारी नोकरीतून निवृत्त झाला होता. दर वेळी भावोजी "नापास" म्हणायचे आणि अख्खी मूर्ती जंतुनाशकाच्या बरणीत बुडवायचे, म्हणजे रंग सुटून ती पुन्हा कोरी निघायची. नुसते डोळे पुसून चालणार नाही का, असं मी विचारलं, तर माझ्या नवऱ्याचा डावा खांदा पाहिला होता त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घराला दवाखान्याचा वास येऊ लागला. पोस्टमननं ताईला विचारलं, आजारी कोण आहे? ताई म्हणाली, "राक्षस."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी राक्षस पुन्हा पुरा झाला आणि भावोजींनी पुन्हा मान हलवली. डावा डोळा वर गेला होता. ते बरणी आणायला उठले, तर बरणी रिकामी. ताईनं सगळं जंतुनाशक सकाळीच न्हाणीघरात ओतून फरशी घासून काढली होती. "संपलं," ती म्हणाली, आणि कोथिंबीर निवडत बसली. तिच्या त्या पाठीकडे बघून मला कळलं की आज हिच्यापुढे कोणाची मात्रा चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं अक्कांकडे गेलो. भावोजींनी राक्षस रुमालात गुंडाळून आणला होता, पण द्यायला नव्हे, तो का देता येत नाही हे समजावून सांगायला. दारातच त्यांनी सुरुवात केली. डावा डोळा वर आहे, नजर समोर राहिलेली नाही, ही वस्तू बाहेर सोडण्याच्या लायकीची नाही. आतल्या बायका हळदीकुंकू थांबवून ऐकत होत्या. अक्कांनी रुमाल त्यांच्या हातातून घेतला, राक्षस अगदी नाकाजवळ नेऊन पाहिला, आणि पायऱ्यांपाशी जाऊन देवीच्या त्रिशुळाखाली ठेवून दिला.

पायऱ्यांवरच्या सगळ्या बाहुल्या, राजा, राणी, वाणी, वाजंत्रीवाले, आमच्याकडे बघत होत्या. हा एवढासा राक्षस तेवढा मान न वळवता वर, थेट देवीच्या चेहऱ्याकडे बघत होता.

भावोजी पुढे झाले, खाली बसले आणि खिशातलं भिंग काढलं. चण्याची उसळ घेऊन आलेली बाई तशीच उभी राहिली. त्यांनी राक्षसाकडे पाहिलं, मग देवीकडे, मग पुन्हा राक्षसाकडे. मग भिंग मिटून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पास."

ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि असल्या अंगठ्याएवढ्या कारणासाठी आलं याचं हसूही आलं.

दसरा झाला. अक्कांनी बाकीच्या बाहुल्या नात्यात वाटून टाकल्या. देवी आणि राक्षस मात्र एका साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतले आणि विमानात बसल्या. शेजारच्या दाराला आता कुलूप आहे. मुलानं भावोजींना नवीन खोकं आणून दिलं आहे, त्यातला तिरंदाज अजून हिंगाच्या डबीवर चढलेला नाही. परवा मी म्हटलं, "भावोजी, अक्कांना फोटो पाठवायला सांगू का? डोळा कसा दिसतोय ते बघता येईल."

"नको," ते म्हणाले. "एकदा पास केलेली वस्तू परत मागवायची नसते."

मग ते ब्रश धूत बसले. ब्रश स्वच्छच होता. खिडकीतून अक्कांची मोकळी बाल्कनी दिसत होती.

"तिकडे थंडी फार असते म्हणतात," ते थोड्या वेळानं म्हणाले. "जाण्याआधी वॉर्निशचा एक हात द्यायला हवा होता गं."