रिलेच्या कार्डातल्या मुंग्या

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. अंबडच्या आमच्या गाळ्यात मी हत्यारं पुसत बसले होते. पक्कड, वायर सोलायचा कटर, स्क्रू ड्रायव्हर, मीटर. सगळ्यावरचं तेलकट किटण काढायचं, कोरडं करायचं आणि पाटावर मांडायचं. एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षातून एक दिवस हत्यारांना सुट्टी असते. ती मांडणारीला नसते.

आम्ही कारखान्यांसाठी आणि कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोल पॅनल बनवतो. नवरा गिऱ्हाईक आणतो, मी वायरिंग करते. लग्न झाल्यापासून हीच वाटणी आहे आणि माझी तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पॅनलमध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो हुकूम सोडतो. पण मोठी मोटर चालवायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून मध्ये रिलेचं कार्ड बसवतात. पंजाएवढी डबी, आत रांगेने रिले, म्हणजे हुकमावर आपोआप चालू-बंद होणारी बटणं. हुकूम आला की टक्, मोटर चालू. हुकूम गेला की टक्, बंद. चालू न झालेली मोटर पाच मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात येते. बंद न झालेली मोटर कुणी बघत नाही.

विंचूरजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या कोल्ड स्टोरेजचं पॅनल मी केलं होतं. त्यांना आम्ही काका म्हणतो. गेल्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला की कॉम्प्रेसर थांबतच नाहीये. आम्ही पोचलो तेव्हा खोलीतली द्राक्षं काचेच्या गोट्यांसारखी झाली होती, देठ काळे पडले होते. काका पॅनलसमोर खुर्ची टाकून बसले होते. चिडलेले नव्हते. ते जास्त वाईट होतं.

मी कार्ड बदललं, पॅनल चालू केलं आणि जुनं कार्ड गाळ्यात आणून उघडलं. आतल्या पट्टीवर पिवळट चिकट थर वाळला होता. त्यात झेंडूची एक पाकळी आणि मेलेल्या मुंग्या. नखाने खरवडलं, तर आंबूस वास आला. तेव्हा मला आधीचा दसरा आठवला. काकांनी वणीहून देवीचे नारळ आणले होते, पॅनलचं दार सताड उघडून आत हळदकुंकू वाहिलं होतं आणि नारळ पॅनलच्या डोक्यावरच फोडला होता. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या होत्या. मी वीज बंद करून पाणी पुसलं, पण बाहेरून. कार्डाला वरून हवेच्या फटी असतात. आत गेलेलं गोड पाणी चार महिने बसलं आणि मुंग्या आल्या. शेवटी त्या थरातून वीज सरकत राहिली, आणि कॉम्प्रेसरचा रिले हुकूम गेला तरी सुटेना.

नवऱ्याला कार्ड दाखवलं. त्याने चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढला.

"मग आता काकांना काय सांगू? तुमच्या देवीच्या नारळाने तुमचा माल गोठला?"

"देवीचं नाव कशाला घेता? पाणी आत गेलं म्हणा."

"पाणी कसलं, ते विचारतील ना. गावातले चार जण त्यांचं बघून कोल्ड स्टोरेज टाकतायत. वायरिंगची चूक म्हटलं की विषय संपतो. वायरिंगची चूक माणूस विसरतो."

"आणि वायरिंग कोण करतं?"

"अगं, घरातलीच आहेस ना तू."

काका गाळ्यावर आले तेव्हा तो हसत म्हणाला, "आमच्या हिच्या हातून एक वायर ढिली राहिली, काका. सणासुदीची घाई. बायकांचं डोकं अर्धं स्वयंपाकघरात." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. काकांनी कप उचलला. "होतं असं ताई. मनाला लावून घेऊ नका." मग नवऱ्याकडे वळून हळू आवाजात, पण मला ऐकू येईल एवढ्या, म्हणाले, "पुढचं पॅनल मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. लय नुकसान झालं राव."

चार कोल्ड स्टोरेजची कामं आली. वायरिंगला बाहेरून माणूस येतो. मी आता फक्त वायरींना ओळखीसाठी नंबरांच्या नळ्या घालते. माझ्या टेबलावर तो माणूस आपला जेवणाचा डबा ठेवतो.

तर खंडेनवमीला मी हत्यारं मांडत होते आणि नवऱ्याचा फोन स्पीकरवर होता. काका बोलत होते. "उद्या सकाळी या बरं का. औंदाबी वणीचा नारळ हाय. पॅनलचं दार पुसून उघडं ठेवतो."

"ठेवा ठेवा, येतोच दुपारपर्यंत," नवरा म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "सणाच्या दिवशी सुरू करू नकोस."

सुरू केलं नाही. हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं. खरं सांगायचं तर मनात आलं, फोडू दे. मुंग्या येऊ देत, खोली गोठू दे, मग त्या बाहेरच्या माणसाला विचारा. पण तिथलं कार्ड त्या माणसाचं नव्हतं. फेब्रुवारीत मीच बसवलेलं होतं. पुन्हा गोठलं, तर पुन्हा माझीच वायर ढिली निघणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंघोळीला गेल्यावर मी गाळ्यावर गेले. पाटावरून माझा स्क्रू ड्रायव्हर उचलला, कुंकू पदराला पुसलं आणि निफाडवरून विंचूरला जाणारी एसटी धरली. गाडीत झेंडूची पोती होती, बसायला जागा नव्हती.

काका नारळ हातात घेऊन पॅनलसमोर उभे होते. दार उघडं होतं.

"ताई, तुम्ही एकट्याच? मालक कुठं?"

"ते दुपारी येतील. काका, फेब्रुवारीत वायर ढिली नव्हती. मागच्या नारळाचं पाणी कार्डात गेलं होतं. मी उघडून पाहिलंय."

त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. "मालक तर वायरच बोलले."

"बोलले."

"म्हणजे आता देवीवर घालता होय?" मागे पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेने तोंडाला पदर लावला. काका पुढे म्हणाले, "बाईमाणसानं आपली चूक अशी देवावर ढकलू नाय, ताई."

 मी पॅनलचं दार लावलं, वरचा आणि खालचा स्क्रू आवळला, कडीला घरून आणलेलं कुलूप घातलं. दाराला बाहेरून हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, झेंडूची माळ हँडलला अडकवली.

"नारळ उंबऱ्यावर फोडा," मी म्हणाले.

त्यांनी तो फोडला. जरा जोरातच. खोबऱ्याचा तुकडा कुणी मला दिला नाही. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि परतीच्या एसटीला जाऊन उभी राहिले.