कोणत्या भाषेतली कडी

भुताच्या सिनेमांची शौकीन माणसं दोन जातींची असतात आणि त्यांचं एकमेकांशी कधीच पटत नाही. एकांना भूत दिसायला हवं असतं. दुसऱ्यांना ते दिसलं की सगळी मजाच गेली असं वाटतं. धारवाडकडच्या कमरीपेठेतल्या आमच्या घरात या दोन्ही जाती दर रविवारी दुपारी एका सतरंजीवर बसायच्या आणि हातघाईवर यायच्या. हातघाई हा शब्द मी विचार करून वापरते आहे. तिथे कानफटात बसलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि एकदोनदा दिल्याही आहेत.

आमचं घर बौद्ध. छप्पन्न सालानंतर आजोबांनी देव्हारा घराबाहेर काढला तेव्हा देवांच्या मागोमाग भुतंखेतंही गेली. अंगारा नाही, उतारा नाही. शेजारणी अमावास्येला पोरांची दृष्ट काढायच्या, तेव्हा आई त्यांच्याकडे कीव आल्यासारखी बघायची. भूत आमच्याकडे उरलं ते पडद्यावर, आणि म्हणूनच आम्ही त्याच्यामागे इतके वेडे झालो असं मला वाटतं. ज्याला खरोखरच भूतबाधेची धास्ती असते तो तिकीट काढून भूत बघायला जात नाही.

अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, अमरगोळच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे मिरचीची पोती तोलायचा. वडील गेल्यापासून घर त्याच्यावरच होतं. आठवडाभर ठसक्यानं लाल झालेले डोळे घेऊन तो रविवारी टीव्हीसमोर बसायचा. तो मालिकेच्या बाजूचा. तेव्हा टीव्हीवर आठवड्यातून एकदा भुताची मालिका लागायची आणि तिचा एकही भाग त्यानं चुकवला नाही. त्याचं म्हणणं असं, की सिनेमा थिएटरातच राहतो, बाहेर येऊन चहा प्यायला की संपला. मालिका मात्र घरात येते. "भीती कानातनं शिरत्या बघ," तो म्हणायचा. "दार नुसतं वाजायला पाहिजे. उघडून दाखवलास की मेलं ते."

दुसऱ्या बाजूला पेंटर. दुर्गदबैलच्या बाजारामागच्या एका गल्लीत त्याचं सिनेमाचे बोर्ड रंगवायचं दुकान होतं. घरची भाषा कन्नड, पण लहानपण आमच्या गल्लीत गेलेलं, त्यामुळे मराठी आमच्याइतकीच साफ. माझ्या आईला तो अव्वा म्हणायचा आणि मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. त्याच्या मते मालिका ही बायकांना आणि भित्र्यांना बरी. रक्त दिसत नाही ती भीतीच नव्हे, असं तो मांडी थोपटून सांगायचा. मी कोणाच्या बाजूची? ज्या रविवारी जो हरायला लागला असेल त्याच्या. आगीत तेल ओतायची मला भारी हौस होती.

एका रविवारी अण्णा त्याला म्हणाला, "तुझ्या बोर्डाला कोण भितंय बे? ते रक्त बघून लोकास्नी टोमॅटो आठवतंय."

मी खदाखदा हसले. पेंटर हसला नाही. त्याच्या कामाला कोणी नावं ठेवलेली त्याला चालत नसत. तो म्हणाला, "अनोळखी भुताला कोणच भीत नाही. ओळखीचं तोंड पाहिजे. थांब, तुला भिववून दाखवतो."

पुढे थोड्याच दिवसांत एक नवा भुताचा सिनेमा लागला. मी टायपिंगच्या क्लासहून परत येत होते, थिएटरवर बोर्ड चढवलेला दिसला, आणि मी रस्त्यातच उभी राहिले. बोर्डावर मी होते. केस मोकळे, गळा चिरलेला, रक्त छातीपर्यंत आलेलं, डोळे उघडे. डाव्या भुवईतला लहानपणीचा व्रणसुद्धा त्यानं सोडला नव्हता. मला राग यायला हवा होता हे मला कळतं. मला आनंद झाला. इतकं निरखून मला त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मी घरी काही बोलले नाही.

अण्णाला ते रविवारी सकाळी कळलं, आणि तेही यार्डातल्या एका हमालाकडून. "तुझ्या बहिणीचा गळा कुणी कापला रे?" असं विचारून तो हसला म्हणे. अण्णा थिएटरवर जाऊन बोर्ड बघून आला. तो घरात शिरला तेव्हा पेंटर सतरंजीवर बसून आईनं दिलेला चहा पीत होता, आणि दुकानातले त्याचे दोघे जोडीदार बाहेर ओट्यावर विड्या ओढत होते.

अण्णानं पहिली लाथ कपाला मारली. चहा पेंटरच्या तोंडावर उडाला. तरी पेंटर हसतच उठला आणि म्हणाला, "हेदरिदी इल्लो?" म्हणजे, घाबरलास की नाही? त्याच्या दृष्टीनं तो अजून वादच घालत होता, आणि वाद तो जिंकला होता.

अण्णाची मूठ त्याच्या दातांवर बसली. त्यापुढचं भांडण सगळं कन्नडात झालं. ते दोघं मराठीत गप्पा मारायचे आणि भांडायचे मात्र कन्नडात, अगदी लहानपणापासून. मी आधी मध्ये पडले, तर कोणाचं तरी कोपर माझ्या नाकावर आलं आणि मी भिंतीला आपटले. पेंटर अंगानं अण्णाच्या दीडपट. त्यानं अण्णाला खाली पाडलं, केसांना धरून त्याचं डोकं शहाबादी फरशीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. तो आवाज मला अजून नीट ऐकू येतो. मग तो अण्णाच्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यात रुतवले. अण्णाचे पाय फरशीवर घासत होते. त्याच्या तोंडातून आवाज येणं बंद झालं.

आई मागच्या दारातून, न्हाणीकडून आली. त्याच वेळी बाहेरचे दोघे विड्या टाकून उठलेले मला दिसले. मी पुढच्या दाराशी होते. आई ओरडली, "कडी, कडी."

मी वळले, दार ढकललं आणि कडी घातली. बाहेरून धक्के बसायला लागले. मी दाराला पाठ लावून पुन्हा आत बघितलं, तेव्हा मागच्या दाराशी रचलेल्या न्हाणीच्या लाकडांवरचा कोयता अण्णाच्या हातात होता आणि पेंटरनं तो अडवायला उजवा हात पुढे केलेला होता.

त्याची तीन बोटं गेली. रक्त बोर्डावर दिसतं तसं लाल नसतं. शहाबादी फरशीवर ते काळंच दिसतं. फरशीवर बसून पेंटर आपल्या हाताकडे बघत राहिला, आणि आईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून तो हात बांधला.

जी मंडळी मराठी-कन्नड दोन्ही बोलतात त्यांना मी काय सांगते ते एव्हाना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. कन्नडात कडी म्हणजे काप. झाड तोडतात, लाकूड फोडतात, कुत्रा चावतो, सगळीकडे हाच शब्द. पेंटरनं इस्पितळात पोलिसांना सांगितलं, "अव्वा कडी अंद्लु, अव कडदा." अव्वा काप म्हणाली आणि त्यानं कापलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आईलाही घेऊन गेले.

गल्ली दुभंगली. जी माणसं एकमेकांच्या लग्नात पंगती वाढायची ती एका शब्दावरून नळावर घागरी फेकून मारायला लागली. विहारातल्या थोरांनी बैठक घेतली तर तीही भांडणातच मोडली. मला एकच दिसत होतं. अण्णाला शिक्षा होणार हे उघड होतं, पण माझ्या आईनं पोटच्या पोराला माणूस कापायला सांगितलं असं ठरलं, तर तीही आत जाणार होती आणि त्याहून वाईट म्हणजे जन्मभर तीच बाई म्हणून ओळखली जाणार होती.

धारवाडच्या कोर्टात कामकाज कन्नडात चालायचं. मराठी कडी दीर्घ आणि कन्नड ऱ्हस्व, असं आमच्या वकिलांनी मांडून पाहिलं. समोरचे वकील म्हणाले, ओरडताना सगळेच शब्द दीर्घ होतात. पेंटरला विचारलं, की तुम्ही तो शब्द कोणत्या भाषेत ऐकलात? बोटं गेलेला हात त्यानं मांडीवर ठेवला. "ते कसं सांगू?" तो म्हणाला. "आपण ऐकतो. भाषा नंतर कळते." मला त्याचा फार राग आला, आणि त्याच वेळी हा माणूस खोटं बोलत नाही हेही दिसलं.

मग मी उभी राहिले. शब्द माझ्यासाठी होता, असं मी सांगितलं. दाराशी मी होते, ते दोघं आत येत होते, आई मला म्हणाली आणि मी कडी घातली. समोरच्या वकिलांनी विचारलं, तुमची आई घरात दोन्ही भाषा बोलते ना? मी म्हणाले, बोलते, पण घाबरली की मराठीच बोलते. साप निघाला तेव्हा, वडील गेले तेव्हा, नेहमी मराठीच. यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझा आवाज कापत नव्हता. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आई सुटली. अण्णाला शिक्षा झाली, आणि ती व्हायला हवी होती त्याहून जास्त झाली, कारण त्यानं स्वतःची बाजूच मांडली नाही. गळा दाबला जात होता म्हणून हाताला लागलं ते उचललं, एवढंच सांग, म्हणून वकील त्याला बजावत होते. तो एकच धरून बसला: आई दाराला कडी घाल म्हणाली, कोयता मी मला राग आला म्हणून घेतला. वकील आमच्यावर चिडले. मीही अण्णावर चिडले. त्याला भेटायला जायचे तेव्हा त्याच्या हट्टाबद्दल त्याच्याशी भांडून यायचे.

तो सुटून आला तोवर पेंटरनं दुकान विकलं होतं. डाव्या हातानं तो काही दिवस दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग आई-बापांच्या गावी गेला असं ऐकलं. अण्णा पुन्हा यार्डात लागला, पण टीव्ही चालू असेल त्या खोलीत बसला नाही. दोन वर्षांमागे तो वारला. छातीत मिरची बसली होती, दुसरं काय.

त्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी मी टीव्हीवर भुताची मालिका लावली होती, आई लसूण सोलत होती. मालिकेत दार वाजलं. मी सहज म्हणाले, "तू त्या दिवशी कडी म्हणालीस म्हणून बरं, नाहीतर ते दोघं आत येऊन अण्णाला मारूनच टाकते."

"दार लावलीस ते चांगलंच केलीस," आई म्हणाली. "पण तुला कुठं म्हणाले मी?"

मी टीव्ही बंद केला.

"त्याचं तोंड काळंनिळं पडलं होतं," ती म्हणाली. "कोयता मीच पायानं सरकवले त्याच्याकडं. आणि म्हणाले, कडी. त्याला म्हणाले."

"अण्णाला माहीत होतं?"

"म्हणून तर गेला की आत."

मी म्हणाले, "मग मला का सांगितलं नाहीस? मी कोर्टात उभी राहिले, आई. शपथ घेऊन."

"तुला खोटं बोलायला येत नाही," आई म्हणाली. तिनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "आणि तू खरंच सांगितलीस की. मी घाबरले की मराठी बोलते. पण मी घाबरले नव्हते."