शनिवारचं तेल

चेन्नईत टी. नगरातल्या त्या चार मजली साडीच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर गेलात, की डाव्या हाताला कांजीवरमच्या गादीवर पांढऱ्या शर्टातले, कपाळाला बारीक गंध लावलेले एक गृहस्थ दिसतील. तेच आपले गुंडोराव. एकतीस वर्षं त्या एकाच गादीवर बसलेत. माणूस तंजावरकडचा मराठी. घरातली त्यांची मराठी अशी, की पुण्याहून आलेल्या बायका ती ऐकून आधी गोंधळतात, मग हसतात आणि दोनाच्या जागी चार साड्या घेऊन जातात. मराठी बोलणारं गिऱ्हाईक जिन्याशी दिसलं रे दिसलं, की खालची पोरं त्याला थेट गुंडोरावांकडे पाठवतात.

अशा माणसाचे कान जावेत, म्हणजे काय म्हणावं! पण गेले. एकदम नाही, हळूहळू गेले, आणि गुंडोरावांनी सहा वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना, तर ते डोळे बघू लागले. बाई तोंडाने काहीही म्हणो, तिची नजर ज्या साडीवर तिसऱ्यांदा जाईल, ती साडी ते पुढे सरकवत. धंदा उत्तम चालला होता. फक्त गिऱ्हाईक समोर हवं. पाठीमागून कुणी हाक मारली, की गुंडोराव आणि भिंत यांत काही फरक उरत नसे.

घरी मात्र सोंग चालत नव्हतं. आई राजसबाई एक्याऐंशीच्या, आणि कान असे तिखट, की शेजारच्या घरात दूध उतू गेलेलं त्यांना इथे कळावं. रोज सकाळी गुंडोराव निघाले, की त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "जाऊन ये." त्यावर "येतो" म्हटल्याशिवाय त्या घरातून कुणी पायरी उतरत नसे. अलीकडे गुंडोराव तसेच उतरायचे. मग बायकोने, हेमलताबाईंनी, मागून धावत जाऊन खांद्यावर थाप मारायची आणि त्यांनी वळून ओरडून "येतो" म्हणायचं. सगळी आळी ऐकायची.

मग एका जूनमध्ये एक बाई गादीमागे उभी राहून पाच मिनिटं हाका मारत राहिली आणि गुंडोराव तिच्याकडे पाठ करून शांतपणे घड्या घालत बसले. बाई मालकांकडे गेली. मालक शेषाद्री भला माणूस, पण धंदा तो धंदा. त्यांनी गुंडोरावांना समोर बसवून, तोंड नीट दिसेल असं सावकाश सांगितलं, "आडी महिन्याचा मोठा सेल ऑगस्टात संपेपर्यंत बघू. नाही जमलं, तर चौथ्या मजल्यावर बसा. स्टिकर लावायचं काम आहे, त्रास नाही."

त्रास नाही! एकतीस वर्षं नवऱ्या मुलींच्या खांद्यावर पदर टाकून दाखवलेला माणूस, त्याने बंद खोलीत किमतीचे स्टिकर चिकटवत बसायचं. गुंडोरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी हेमलताबाईंनी त्यांना मेट्रोत घालून अण्णा नगरला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथली यामिनी तरुण, पण पक्की. तिने कान तपासले, साच्यासाठी माप घेतलं, आणि पंधरा दिवसांनी दोन यंत्रं हातात ठेवली. कानामागे बसणारं वालाच्या दाण्याएवढं यंत्र, त्यातून निघालेली पारदर्शक नळी, आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा. तिने सगळं तमिळमध्ये दोनदा समजावलं. बॅटरीवरचा कागद काढला की मिनिटभर तिला हवा खाऊ द्यायची, मग आत घालायची. झोपताना बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्रं ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायची, कारण चेन्नईचा घाम कुणाला सोडत नाही. साचा नळीसकट वेगळा करून कोमट पाण्याने धुवायचा, रबरी फुग्याने हवा मारून नळी कोरडी करायची. आंघोळीला यंत्र घालायचं नाही. गुंडोरावांनी शाळकरी पोरासारखं सगळं वहीत उतरवलं, आणि खरं सांगायचं तर अक्षरशः पाळलं.

पहिल्या दिवशी बिचारे हैराण झाले. पंखा एवढा बोलतो हे त्यांना माहीतच नव्हतं. स्वतः पापड खाल्ला आणि स्वतःच दचकले. दुकानात फळीला डोकं टेकून वरची साडी काढायला गेले, तर यंत्राने शिट्टी मारली आणि शेजारच्या गादीवरचा मुरली कुकर शोधू लागला. पण मग त्यांनी एक जड साडी झटकून उलगडली, आणि रेशमाचा करकर आवाज आला. सहा वर्षांत तो ऐकला नव्हता. आपण काय हरवून बसलो होतो ते गुंडोरावांना तेव्हा कळलं. डोळे पुसून त्यांनी तीच साडी विनाकारण पुन्हा एकदा उलगडली.

आठवडा झकास गेला. शनिवारी दुपारी दोन्ही यंत्रं मुकी झाली. बॅटरी बदलली, फुगा मारला, काही नाही. शनिवार-रविवार म्हणजे सेलची सगळ्यात मोठी गर्दी, आणि गुंडोराव पुन्हा भिंत. सोमवारी यामिनीने नळ्या काढून धुतल्या, यंत्रं पुन्हा बोलू लागली. तुमच्या कानात मळ फार होतो सार, असं ती म्हणाली. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. चौथ्या मजल्यावर नवीन खुर्ची गेलेली गुंडोरावांनी पाहिली, आणि त्यांचं धाबं दणाणलं.

शनिवारी वेगळं काय करता, असं यामिनीने खोदून खोदून विचारलं. काही नाही, म्हणाले गुंडोराव. आणि ते खोटं बोलत नव्हते हो! शनिवारी काय करतो हे त्यांना सांगावंसंच वाटलं नाही, जसं आपण दात घासले हे कुणी सांगत नाही.

चौथ्या शनिवारी यंत्रं बंद पडताच ते सोमवारची वाट न बघता तडक अण्णा नगरला गेले. यामिनीने साचा कानातून काढला, नाकाजवळ नेला आणि गुंडोरावांकडे बघतच राहिली. मग तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सार, आज तेलाची आंघोळ?"

अर्थात तेलाची आंघोळ! शनिवार ना? तंजावर सोडून तीन पिढ्या झाल्या, पण पुरुषांनी शनिवारी तिळाचं तेल लावून न्हायचं हे त्या घरात सुटलेलं नव्हतं. राजसबाई स्वतः जिरं-मिरं घालून तेल कोमट करायच्या, छप्पन्न वर्षांच्या मुलाला पाटावर बसवायच्या, डोक्यावर थापायच्या, आणि शेवटी दोन्ही कानांत तेलाचे थेंब. वर शिकेकाई. मग गुंडोराव वहीत लिहिल्याप्रमाणे हात स्वच्छ पुसून, कान बाहेरून कोरडे करून, यंत्रं घालायचे. दुपारपर्यंत आतलं तेल साच्यात शिरून नळीत चढायचं. यामिनी इतकी हसली, की बाहेरची माणसं डोकावून गेली. मग तिने त्यांचे कान आतून साफ केले, आणि कानात तेलाचा एक थेंबही नको, अशी ताकीद दिली.

मालकाला तोंड देणं सोपं होतं. आईला कसं सांगायचं? तिच्या तेलाविरुद्ध बोलायचं, आणि समोर पुरावा म्हणून तिचेच ते तिखट कान! गुंडोराव तीन दिवस घरात नुसते घुटमळले. शेवटी बुधवारी त्यांनी सगळं सांगून टाकलं, चौथ्या मजल्यावरच्या खुर्चीसकट. त्या खुर्चीची गोष्ट त्यांनी घरी आजवर लपवली होती.

राजसबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझे कान जायला लागले, तेव्हा मी चाराचे सहा थेंब केले रे. मला वाटलं, माझंच कमी पडतंय."

तेल थांबव, हे पुढचं वाक्य गुंडोरावांना बोलावंच लागलं नाही.

सेलच्या शेवटच्या शनिवारी राजसबाईंनी पाट मांडला. तेल डोक्यावर थापलं, पाठीला चोळलं, आणि त्याआधी मुलाच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे स्वतःच्या हाताने बसवले. न्हाणं झाल्यावर बोळे काढून, जुन्या सुती लुगड्याच्या पदराने कान पुसले. अर्धा तास त्याला पंख्याखाली बसवून ठेवलं, उठू दिलं नाही. मग डबी उघडून यंत्रं पुढे केली, आणि बॅटरीचं दार लागलं का म्हणून वर विचारलं.

दुपारी चारला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साताऱ्याचं एक कुटुंब लग्नाचं रेशीम घ्यायला आलं होतं. आई, आत्या, मावशी सगळ्या लाल शालूवर अडून बसलेल्या. नवरी मुलगी मान हलवत होती, डोळेही बिचारीने लाल साडीवरच ठेवले होते. मोठ्यांच्या इच्छेपुढे नजरही शहाणी होते. गुंडोराव फळीकडे वळून आणखी एक लाल साडी काढत होते. तेवढ्यात मागे बसलेल्या आपल्या आजीच्या कानाशी लागून नवरी पुटपुटली, "आजी, मला ती मोरपंखी हवी होती गं. जाऊ दे."

गुंडोरावांचा हात फळीवर थांबला. लाल सोडून त्यांनी मोरपंखी काढली, मुलीच्या खांद्यावर टाकली, आणि पदर करकरत खाली आला. मुलीचा चेहरा बघून मावशीनेसुद्धा लाल शालू बाजूला सरकवला.

गल्ल्याजवळ उभे शेषाद्री हे बघत होते. त्यांनी गुंडोरावांच्या मुद्दाम मागे जाऊन, अगदी साध्या आवाजात विचारलं, "सोमवारी किती वाजता येणार?"

"नेहमीच्याच वेळी, साडेनऊला," गुंडोराव घडी घालता घालता म्हणाले. मागे वळलेसुद्धा नाहीत.

सोमवारी चौथ्या मजल्यावरची खुर्ची त्यांच्याच गादीजवळ आली, दमलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी. पण ते नंतर. त्या सकाळी घरातून निघताना काय झालं, ते महत्त्वाचं. गुंडोराव चपला घालून जिना उतरले, फाटकापाशी पोचले. हेमलताबाई सवयीने मागे धावायला निघाल्या होत्या. एवढ्यात वर दारातून राजसबाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "जाऊन ये."

फाटकातून हळू आवाजात उत्तर आलं, "येतो, आई."

ते फक्त तिघांनीच ऐकलं.