कच्च्या यादीचे टाके

त्या साहेबाचं वाईट व्हावं असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. देवापुढं दिवा लावणाऱ्या बाईनं असं लिहू नये. पण ही वही कुणी वाचत नाही, म्हणून खरं ते लिहिते.

आम्ही तेव्हा चिकलठाण्याला राहत होतो. हे कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या फुटबॉल क्लबात डावे बॅक खेळायचे. अकरा वर्षं त्यांच्या पाठीवर तीन नंबर होता. गणपती उठले की सामने सुरू व्हायचे. त्याआधी श्रावणात जर्स्यांचं गाठोडं माझ्याकडं यायचं. उसवलेलं सांधायचं, पांढऱ्या कापडाचे आकडे कापायचे आणि पाठीवर शिवायचे. माझं हातमशीन होतं. पुरुषांपुढं मला बोलता यायचं नाही. गाठोडं न्यायला खेळणारे आले की मी ते उंबऱ्याबाहेर ठेवून आत जायची. ते बाहेरूनच ओरडायचे, "वहिनी, आकडा लई मोठा झाला! पळायला जड जाईल ना!" मी आत तोंडाला पदर लावून हसायची.

त्या वर्षी क्लबाला नवा मॅनेजर आला. पुण्याकडचा होता. आल्या आल्या त्यानं संघ मोडला. नवीन भरतीतले पाच जण घेतले आणि जुने पाच बाजूला केले. काढलं असं मात्र तो म्हणाला नाही. पाचही जणांना त्यानं सांगितलं, "यादी अजून कच्ची आहे. मेहनत दाखवा. पक्की करताना बघू."

त्या एका शब्दावर हे उभे राहिले. वयाची पस्तिशी उलटलेली, उजवा गुडघा दुखरा. तरी पहिल्या पाळीच्या आधी उठून हर्सूलच्या रस्त्यानं पळायचे. संध्याकाळी मी गुडघ्याला एरंडेल चोळून द्यायची. "यादी कच्ची हाय अजून," हे म्हणायचे. "त्या नव्याला डावा पाय हायच कुठं? साहेबाच्या ध्यानात येईल." सरावाला गेले की या पाच जणांना गोलचे खांब उचलायला लावायचे, गवत काढायला लावायचे, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला लावायचे. घरी यायचे ते हात पांढरे घेऊन. मी काही विचारलं तर म्हणायचे, "संघात राहायचं म्हणलं की हे बी करावं लागतं."

एका दुपारी हे कामावर असताना साहेब स्वतः गाठोडं घेऊन दारात आला. हे घर कुणाचं, त्याला माहीत नव्हतं. कुणीतरी नुसतं शिवणारीचं दार दाखवलं असेल. त्यानं स्कूटर बंदसुद्धा केली नाही.

"शिवणकाम करणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"जर्स्या नव्या आहेत. कुणाला कुठला आकडा ते या कागदावर आहे. आकडे तरी वाचता येतात ना?"

मी परत मान हलवली. तो गेला.

माझी चौथी झालेली आहे. मास्तर माझ्याकडून धडा वाचून घ्यायचे. कागदाच्या माथ्यावर लिहिलं होतं, पक्की यादी. खाली अकरा नावं आणि आकडे. तीनच्या पुढं नव्या माणसाचं नाव. त्याच्याखाली रेघ मारून जुने पाच, आणि प्रत्येकापुढं शेरा. यांच्या नावापुढं लिहिलं होतं, "पाय गेले. चुना मारायला बरा. हंगाम सुरू होईपर्यंत सांगू नये."

मी ते तीनदा वाचलं. मग चुलीवरचं दूध उतू गेलं, ते पुसलं आणि परत वाचलं.

यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पळणं थांबलं असतं, आणि घरात बसलेले हे मला बघवले नसते. एवढंच कारण होतं असंही नाही. माझ्या पोटात आग पडली होती आणि ती मला कुणाच्या समजुतीनं विझवून घ्यायची नव्हती.

आकडे मी मशीनवर घेतलेच नाहीत. एकेरी दोऱ्यानं, गाठ न मारता, बोटभर लांबीचे कच्चे टाके घातले. मग उलट्या बाजूनं ओलं फडकं ठेवून इस्त्री अशी फिरवली की आकडे कापडावर छापल्यासारखे बसले. एवढं सुबक काम मी लेकीच्या लग्नातही केलं नाही.

हंगामाआधीचा सरावाचा सामना रविवारी होता, दुसऱ्या एका कारखान्याच्या संघाशी. सगळ्यांच्या घरची माणसं आली होती. आम्ही बाया लिंबाखाली बसलो. हे आणि ते चौघं कडेला उभे होते. यांच्या हातात चुन्याचं घमेलं होतं.

पहिल्याच धक्काबुक्कीत सातचा आकडा सुटला आणि कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला. मग नऊचा गेला. तीनचा तर मैदानात पडला आणि समोरच्या संघातल्या एकानं तो उचलून स्वतःच्या छातीला लावला. लोक हसून हसून बेजार. "अरे, तुमचा तीन आमच्याकडं आला रं! आता देता का उसना?" पंचानं शिट्टी मारून खेळ थांबवला. आकडे नाहीत तर खेळता येणार नाही म्हणाला.

साहेब लाल होऊन आमच्याकडं आला. "ही शिलाई कुणी केली?"

बायांनी माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. 

"मी."

"असे कच्चे टाके घालतात?"

पुढचं माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही कळत नाही. ते आधी ठरवलेलं नव्हतं. "यादी कच्ची हाय म्हणं, साहेब. म्हणून टाके बी कच्चेच घातले. यादी पक्की झाली की मशीनची टीप मारून देते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाचा तोल गेला. "कच्ची कोण म्हणालं? यादी महिन्यापूर्वीच पक्की झाली आहे! कागदावर लिहून दिली होती तुम्हाला!"

 जुन्या पाचांतला गोलकीपर पुढं आला. "मग महिनाभर आमी खांब कशापायी उचलाया लागलो, साहेब?"

 साहेबानं हळूच शेजारच्याला विचारलं, "ही बाई कुणाची?" शेजारचा म्हणाला, "जुन्या तीन नंबरची." तेव्हा साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग घमेलं धरून उभ्या यांच्याकडं. ते तोंड मी जन्मभर जपून ठेवलंय. आजारपणात, वाईट दिवसांत, मी ते आठवते आणि मला बरं वाटतं.

कारखान्यात मग त्याची सोय राहिली नाही. कँटीनमध्ये तो जेवायला बसला की कुणीतरी वाढणाऱ्याला मोठ्यानं विचारायचं, "काय मामा, भाकर कच्ची का पक्की?" त्यानं कँटीनला येणंच बंद केलं. एकटा केबिनमध्ये डबा खायचा म्हणे. हे ऐकलं त्या दिवशी मी शिरा केला होता.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. चौघं जण खांब बांधायचे दोर साहेबापुढं टाकून निघून गेले. हे गेले नाहीत. अर्धी राहिलेली चुन्याची रेघ यांनी कोपऱ्यापर्यंत नेली, घमेलं धुतलं आणि मग सायकल काढली. घरी आल्यावर म्हणाले,

"तुला कवापासनं ठावं होतं?"

"श्रावणापासनं."

"आन् मला रोज पळू दिलंस. गुडघा चोळत बसलीस."

मला वाटलं होतं हे साहेबावर चिडतील. साहेबाचं नावसुद्धा यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जर्स्या यांनीच घरी आणल्या. "टीप मार."

"त्या साहेबाच्या जर्स्या मी शिवत नसते."

"साहेबाच्या न्हाईत. क्लबाच्या हायत." तीनचा आकडा यांनी स्वतः पाठीवर लावून धरला, वाकडा होऊ नये म्हणून. मी मशीन चालवलं. दोन टिपा मारल्या. यांची बोटं सुईच्या अगदी जवळ होती, तरी यांनी हात काढला नाही.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला हे पहिल्यांदाच माझ्याशेजारी, बघणाऱ्यांत बसले. नवा तीन नंबर चांगला खेळला. शेवटी शेवटी त्यानं गोलरेषेवरून चेंडू काढला तेव्हा हे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मैदानाच्या त्या बाजूला साहेब हात वर करून नाचत होता.

"वाजव की," हे म्हणाले.

मी हात पदराखालून काढले नाहीत.