दार लागलेलं विमान

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तीस वर्षांवर एसटी स्टँडच्या कंट्रोलच्या खिडकीत बसले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कधी सुटेल, हे माइकवर सांगायचं ही त्यांची नोकरी. घरी ते तोंडातल्या तोंडात बोलत. माइकवर मात्र त्यांचा आवाज निराळाच व्हायचा, सपाट, जणू कुणाचाच नसलेला. लहानपणी मी डबा द्यायला गेले की वरच्या कर्ण्यातून तो आवाज यायचा आणि खिडकीत अण्णांचे ओठ हलताना दिसायचे. दोन्हींचा मेळ मला कधी लागला नाही, आणि त्या आवाजाची मला भीती वाटायची.

त्यांची एक युक्ती होती. एखादी लेकुरवाळी, एखादं परीक्षेचं पोर उशिरा येतंय असा निरोप आला की गाडी थांबवायची. पण उशिराचा ठपका ड्रायव्हरवर येऊ नये म्हणून अण्णा माइकवर सांगायचे, "सोयगाव गाडीत बेवारस पिशवी आहे. प्रवाशांनी कृपया खाली उतरावं." लोक उतरायचे, कंडक्टर बाकांखाली वाकून बघायचा, तेवढ्यात उशिराचा माणूस धापा टाकत पोचायचा. "पिशवी नाय, बसा." कागदावर 'तपासणी' लागायचं. ड्रायव्हर, कंडक्टर, रोजचे प्रवासी, सगळ्यांना हे ठाऊक होतं. सोयगावकडची माणसं या एका गोष्टीसाठी त्यांना दुवा देत. रिटायर झाल्यावरही स्टँडवर फोन करून ते कुणा ना कुणासाठी गाडी थांबवायला लावतच होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्या सकाळी मी दिल्लीला नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. पहिलाच विमानप्रवास. छावणीतल्या घरातून वेळेवर निघाले, पण जालना रोडवर कंटेनर आडवा झालेला. रिक्षातून मी विमान कंपनीच्या काउंटरला फोन केला. "मॅडम, दार लागलं," पलीकडची मुलगी म्हणाली. मग मी अण्णांना फोन लावला. दार लागलं म्हणतात, एवढं सांगितलं आणि रडायला लागले.

"थांबिवू का?" अण्णांनी विचारलं.

"थांबवा ना, अण्णा."

ते काय करतील असं मला वाटलं होतं, हे पुढं मला पुष्कळांनी विचारलं. खरं सांगायचं तर मी विचारच केला नव्हता. अण्णा थांबवतो म्हणाले की गाडी थांबते, एवढंच मला जन्मापासून माहीत होतं.

चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचले तर विमान उभं होतं. मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही स्वतःची चीड येते. काचेपलीकडं, उन्हात, सिमेंटवर बॅगा एका ओळीत मांडल्या होत्या. प्रवासी लांब उभे. एकेकाला पुढं बोलावून आपली बॅग दाखवायला लावत होते. एवढी माणसं, पण काचेतून कसलाच आवाज येत नव्हता. एक माणूस बॅगेकडं बघतही नव्हता. हात जोडून तो प्रत्येक शिपायापुढं जात होता, त्याचे ओठ हलत होते, आणि शिपाई मान हलवत होते.

न आलेली प्रवासी मी एकटीच होते, त्यामुळं मला लगेच बाजूच्या खोलीत नेलं. विमानतळावर आलेल्या एका फोनचं रेकॉर्डिंग इन्स्पेक्टरनं लावलं.

"विमानात बेवारस पिशवी आहे. स्फोटक असू शकतं. प्रवाशांनी कृपया खाली उतरावं."

कर्ण्यातला तोच आवाज, त्या खोलीत. पिशवीच्या नावानं विमान थांबणार नाही, म्हणून मधलं एक वाक्य त्यांनी वाढवलं होतं.

"ओळखता?"

"नाही."

इतक्यात माझ्या हातातला फोन वाजला. इन्स्पेक्टरनं तो माझ्याकडून घेतला, स्पीकर लावला आणि टेबलावर ठेवला. "बसलीस का गं? थांबलं का विमान?" अण्णा विचारत होते, घरातल्या त्या हळू आवाजात. मी एक शब्द ओरडले असते तरी ते सावध झाले असते. मी फोनकडं बघत राहिले. इन्स्पेक्टरनं रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. थोडा वेळ अण्णांचे दोन्ही आवाज त्या टेबलावर एकदमच बोलत होते. मग फोन बंद झाला.

त्याच दिवशी अण्णांना अटक झाली. आमचे वकीलसाहेब छावणीतलेच, अण्णांचे जुने दोस्त. ते मला म्हणाले, "बेटी, बाकी बातां छोड़. दरवाजा बंद था के खुला, उतनाच बोल." माणसं चढून विमानाची बाहेरची सगळी दारं लागली की कायदा ते विमान उड्डाणात आहे असं धरतो, चाकं जमिनीवर असली तरी. उड्डाणातल्या विमानाला धोका होईल अशी खोटी खबर जाणूनबुजून दिली, तर जन्मठेप. दार उघडं असलं तर अफवेची, धमकीची कलमं, म्हणजे दोन-तीन वर्षं. नोंदीत फोनची आणि दाराची वेळ एकाच मिनिटाची होती. काउंटरवरच्या मुलीला काही आठवत नव्हतं. दाराचं सांगायला उरले मी.

जामिनावर सुटून आल्यापासून अण्णा घरातही त्या सपाट आवाजात बोलू लागले. "चहा झालेला आहे. कृपया घ्यावा." आधी आम्हाला हसू आलं. आठवड्यानं आई पदरानं कान झाकून स्वयंपाक करू लागली. त्यांच्याशी बोलताना मी त्यांच्या ओठांकडं बघत राहायचे, आवाज तिथूनच येतोय याची खात्री करायला.

कोर्टात मी शपथ घेतली आणि सांगितलं, "दार उघडं आहे, लवकर या, असं ती मुलगी म्हणाली होती." अण्णा मान खाली घालून बसले होते. माझ्यानंतर तो हात जोडणारा माणूस साक्षीला आला. त्याची आई दिल्लीत वारली होती आणि तो एकुलता एक. "दुपारपर्यंत माझ्यासाठी थांबले," तो म्हणाला, "मग अंत्यविधी उरकून घेतला." तेव्हा अण्णांनी मान वर केली. तो पिंजऱ्यातून उतरून दारापर्यंत गेला, तरी ते त्याच्याकडंच बघत होते.

पुढच्या तारखेला आरोपीचा जबाब होता. विचारतील त्याला "खोटं आहे" एवढंच म्हणा, असं वकीलसाहेबांनी पढवलं होतं. पहिल्या दोन प्रश्नांना अण्णा तसं म्हणाले. मग दाराचा प्रश्न आला.

"ते खरं हाय, साहेब. दार लागलं होतं. उघडं असतं तर थांबिवायचं कामच काय होतं?"

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. विमान जागचं हललंच नव्हतं, त्याला धोका कसला, या मुद्द्यावर त्यांनी पुढं जन्मठेप टाळली आणि अण्णांनी हर्सूलच्या तुरुंगात तीन वर्षं काढली. पण ते नंतरचं. त्या क्षणी सगळ्यांना एकच शिक्षा दिसत होती.

"दार लागल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कुणी नाय. लई वर्षं गाड्या सोडल्यात, साहेब. घड्याळ बघून कळतं."

"आणि थांबवायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाय. माझ्या मनानं केलं."

न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी पहिल्याच बाकावर होते. उठून "मी सांगितलं" म्हणायला दोन शब्द पुरले असते. मी ओढणी सारखी केली आणि बसून राहिले.